शाळेच्या आतला समाज : प्रस्तावना

दरवर्षी ३१ मे रोजी महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांत निवृत्तीच्या निरोप समारंभांची गर्दी उडते. जुन्या पिढीतल्या असंख्य लोकांची कागदोपत्री जन्मतारीख १ जून आहे, म्हणून ही गर्दी. घरी जन्माची नोंद नसे आणि शाळा जूनमध्ये भरे. पोराचे नाव घालायला आलेल्या बापाला दोन गोष्टी विचारून गुरुजी अंदाजाने वय धरत आणि शाळेच्या जनरल रजिस्टरात १ जून लिहून मोकळे होत. त्याच रजिस्टरात जात-पोटजातीचाही रकाना असे. पुढे जातीचा दाखला काढताना, सवलतीचा हक्क सिद्ध करताना हीच नोंद पुरावा म्हणून पुढे येते. एका माणसाची समाजातली ओळख शाळेच्या दप्तरात अशी पक्की होत गेली.

शाळा लिहा-वाचायला शिकवते, हे सगळ्यांना दिसते. आपण कोण, आपली पायरी कोणती, आपल्याला काय झेपेल, हेही ती शिकवते, आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. शिक्षणाचे समाजशास्त्र या न दिसणाऱ्या शिकवणीचा अभ्यास करते. हे पुस्तक त्या अभ्यासाची मराठी वाचकाशी ओळख करून देण्यासाठी आहे. पूर्वतयारीची गरज नाही. जो कधी शाळेत गेला आहे, किंवा ज्याला जाता आले नाही, त्याच्याजवळ या विषयाची सामग्री आहेच.

पाश्चात्त्य विद्यापीठांत या विषयाची पाठ्यपुस्तके निघण्याच्या कितीतरी आधी आपल्याकडे त्याचे मूळ प्रश्न विचारले गेले होते. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी सरकारी खर्चाचा हिशोब मांडला: महसूल रयतेच्या घामातून येतो आणि उच्च शिक्षणाचा लाभ वरच्या वर्गांना होतो. वरच्यांना शिकवले की विद्या आपोआप खाली झिरपेल, हा तेव्हाच्या धोरणाचा विश्वास त्यांनी खोडून काढला आणि निदान बाराव्या वर्षापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, अशी मागणी केली. शिक्षणाचा पैसा कुणाचा आणि फायदा कुणाचा, हा प्रश्न आजही या अभ्यासाच्या मुळाशी आहे.

फ्रान्समध्ये पिएर बुर्द्यू आणि झाँ-क्लोद पासरों यांनी १९७० साली याच प्रश्नाची दुसरी बाजू उलगडली. शाळा सर्वांना एकच परीक्षा देते, पण त्या परीक्षेला लागणारी भाषा, वाचनाची सवय आणि बोलण्यातला आत्मविश्वास काही मुलांना घरातूनच मिळालेला असतो. या ठेव्याला त्यांनी सांस्कृतिक भांडवल म्हटले. शाळा हे भांडवल सर्वांना वाटत नाही. ते आहे असे गृहीत धरते आणि त्याला ‘हुशारी’ म्हणून गुण देते. विषमता अशी एका पिढीतून पुढच्या पिढीत जाते, आणि जाताना ती न्याय्य वाटू लागते.

हे प्रत्यक्षात कसे घडते, ते कुठल्याही वर्गात पाहता येईल. तिसरीतला एक मुलगा सुट्टीबद्दल सांगायला उभा राहतो: ‘म्या मामाच्या गावाला गेल्तो.’ बाई म्हणतात, ‘मी गेलो होतो, असं म्हण.’ वर्ग हसतो. बाईंचा हेतू चांगलाच आहे. प्रमाण मराठी त्याला यायलाच हवी. पण गावाला काय पाहिले, ते सांगायचे राहून गेले, आणि पुढच्या वेळी त्याचा हात वर येत नाही. वर्षअखेरीस त्याच्या प्रगतिपुस्तकात ‘वर्गात सहभाग कमी’ असा शेरा पडतो. त्यामागची गोष्ट शेऱ्यात येत नाही.

वेळापत्रकही तटस्थ नसते. बीड जिल्ह्यातली ऊसतोड कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात. शाळेचे दुसरे सत्र सुरू होते आणि मुले फडात असतात. अशा मुलांना गावातच ठेवून शिकवण्यासाठी हंगामी वसतिगृहे निघाली, कारण शाळेचे वर्ष वर्षभर एका जागी राहणारे घर गृहीत धरून आखलेले आहे. परत आलेले मूल मागे पडलेले दिसते. ते मागे का पडले, हे शोधायचे तर नजर त्याच्या बुद्धीकडून मुकादमाच्या उचलीकडे वळवावी लागते.

मग शाळा फक्त विषमताच पिकवते का? इतिहास तसे म्हणू देत नाही. फुले दांपत्याच्या शाळेत शिकणाऱ्या मुक्ता साळवेने १८५५ साली मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. शाहू महाराजांनी १९१७ साली करवीर (कोल्हापूर) संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत केले. त्यांच्या काळात कोल्हापुरात निरनिराळ्या जातिधर्मांची स्वतंत्र वसतिगृहे निघाली आणि ज्यांना शहरात थारा नव्हता, त्यांना राहायला जागा मिळाली. १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन करणाऱ्या भाऊराव पाटलांनी पुढे साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांना एका वसतिगृहात, एका पंगतीत आणले. पहिल्या व्यवस्थेने दार उघडले. दुसरीने आत आलेल्यांना एकमेकांशी नाते जोडायला लावले. कोण कुणाशेजारी बसते आणि जेवते, यावरही मुलाची ओळख घडते. शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत वंचित मुलांसाठी राखलेल्या २५ टक्के जागांकडे याच नजरेने पाहायला हवे. प्रवेश मिळाला, आता वर्गात, डब्याच्या सुट्टीत, स्नेहसंमेलनात त्या मुलाला जागा मिळाली का?

या पुस्तकाची प्रकरणे याच क्रमाने जातात: आधी शाळेच्या दाराशी, मग वर्गात, मग भाषा आणि पाठ्यपुस्तकांकडे, आणि शेवटी पदवीनंतरच्या नोकरीच्या बाजारात. वाचकाने हाच क्रम पाळावा असे नाही. सिद्धांत जड वाटला तर तो बाजूला ठेवून उदाहरणापासून सुरुवात करावी.

शिक्षकांना एक विनंती आहे. या पुस्तकात तुम्हाला दोषी ठरवण्याचे काम मी केलेले नाही. चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात रोज उभे राहणाऱ्याइतके या प्रश्नांच्या जवळ दुसरे कुणी नाही. तुम्ही जे पाहता ते लिहा, मराठीत लिहा, आणि इथले जे पटणार नाही ते पुराव्यानिशी खोडून काढा. हे शास्त्र मराठीत वाढायचे असेल, तर ते तुमच्या नोंदींवरच वाढेल.