कवळी : धारणाचा इतिहास

कवळी : पडलेल्या किंवा काढलेल्या दातांच्या जागी बसविण्यात येणारी, काढता-घालता येण्याजोगी कृत्रिम दंतपंक्ती. वरच्या जबड्याची कवळी टाळू व हिरड्या यांवर टेकते, तर खालची जिभेच्या भोवतीच्या नालाकृती हिरडीवर बसते. कृत्रिम दात कशाचे करावेत हा प्रश्न माणसाने बऱ्याच अंशी सोडविला आहे. ते तोंडात कशाच्या बळावर टिकावेत, हा प्रश्न मात्र पूर्वीपासून अवघड होता आणि खालच्या जबड्यापुरता तो अजूनही पुरता सुटलेला नाही. कवळी सैल होणे ही तक्रार कवळीइतकीच जुनी आहे.

प्राचीन इट्रुस्कन लोक सोन्याच्या पट्टीने कृत्रिम दात शेजारच्या शाबूत दातांना बांधत. ज्याच्या तोंडात एकही दात उरलेला नाही त्याला या युक्तीचा काहीच उपयोग नव्हता. संपूर्ण दंतहीन तोंडात आधाराविना टिकणारी कवळी प्रथम जपानमध्ये तयार झाल्याचे दिसते. तेथील वाकायामा येथे १५३८ मध्ये निधन पावलेल्या नाकाओका तेई या बौद्ध भिक्षुणीची वरच्या जबड्याची लाकडी कवळी उपलब्ध असून ती एकसंध लाकडातून कोरलेली आहे. जपानी कारागीर, ज्यांत बुद्धमूर्ती कोरणारेही होते, हिरडीला रंग लावून कवळी बसवून पाहत व ज्या ठिकाणी रंग उमटे तेवढेच लाकूड तासत. कवळी हिरडीशी इतकी तंतोतंत जुळे की, ती नुसत्या लाळेच्या पातळ थरावर धरून राही. हे तत्त्व यूरोपला समजण्यास आणखी सुमारे अडीचशे वर्षे लागली.

यूरोपात अठराव्या शतकात प्येर फोशार या फ्रेंच दंतवैद्याने आपल्या १७२८ च्या ग्रंथात वरची व खालची कवळी पोलादी स्प्रिंगांनी जोडण्याची पद्धत वर्णिली. स्प्रिंगा दोन्ही कवळ्यांना एकमेकींपासून दूर रेटत आणि त्या दाबाने कवळ्या आपापल्या जबड्यावर बसत. पण तोंड मिटून ठेवण्यासाठी जबड्याच्या स्नायूंना सतत श्रम पडत. अमेरिकेचे पहिले राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन यांच्या कवळ्या याच जातीच्या होत्या. त्या लाकडाच्या होत्या ही समजूत खरी नाही. पाणघोड्याचा दात, माणसांचे दात व धातू यांपासून त्या बनविल्या होत्या. त्यांच्या चित्रांत दिसणारी ओठांची घट्ट, किंचित फुगीर ठेवण कवळ्यांमुळे आली असावी, असे मानले जाते.

स्प्रिंगांची गरज नाही हे कळण्याचा प्रसंग मोठा गमतीचा सांगतात. १८०० च्या सुमारास फिलाडेल्फियातील जेम्स गार्देत या दंतवैद्याने एका बाईसाठी कवळी तयार केली. स्प्रिंगा नंतर बसवायच्या होत्या. काही महिन्यांनी तो परत गेला, तेव्हा बाई स्प्रिंगांविनाच ती कवळी घालून जेवत होत्या. कवळी टाळूला चिकटून बसली होती. हे ‘चोषण’ म्हणजे नुसता वातावरणाचा दाब, अशी समजूत पुढे बराच काळ रूढ राहिली आणि तिचे परिणाम वाईट झाले. टाळूकडील पृष्ठावर पोकळी ठेवण्यात येई, तर काही कवळ्यांना रबराची चोषणचकती लावीत. पोकळीत टाळूचे मऊ ऊतक ओढले जाऊन वाढे. चकतीच्या सततच्या ओढीने टाळूला छिद्र पडून नाक व तोंड एक झाल्याची उदाहरणे दंतवैद्यकीय वाङ्‌मयात नोंदलेली आहेत.

कवळी धरून राहण्यामागे अनेक बले एकत्र काम करतात. दोन ओल्या काचा एकमेकींवर ठेवल्या, तर त्या सरकविता येतात. पण सरळ उचलून वेगळ्या करणे कठीण जाते. लाळेचा थर जितका पातळ व अखंड, तितके आसंजन अधिक. लाळेची श्यानता व पृष्ठताण यांचीही त्यात भर पडते. कवळीच्या कडा गाल, ओठ व टाळूचा मऊ भाग यांच्याशी नीट जुळल्या म्हणजे हवा आत शिरत नाही. मग कवळी ओढली जाताच वातावरणाचा दाब तिला धरून ठेवतो. वरच्या कवळीला टाळूचे विस्तीर्ण क्षेत्र लाभते. खालच्या कवळीचे आधारक्षेत्र त्याच्या जवळजवळ निम्मेच असून मध्ये सतत हलणारी जीभ असते. यावरून वरची कवळी सुखाने वापरणारा मनुष्य खालचीविषयी तक्रार का करतो, हे स्पष्ट होईल.

हिरडीशी तंतोतंत जुळणारी कवळी स्वस्तात करता येणे हे रबरामुळे शक्य झाले. चार्ल्स गुडइयर यांनी रबराच्या व्हल्कनीकरणाचा शोध लावल्यावर (१८३९) नेल्सन गुडइयर यांनी १८५१ मध्ये कठीण रबराचे एकस्व घेतले. हे व्हल्कनाइट तोंडाच्या प्लॅस्टरच्या साच्यावर हवे तसे आकारता येई. त्यामुळे हस्तिदंत कोरण्याचे कष्ट संपले. एकस्वधारक कंपनी मात्र दंतवैद्यांकडून परवाना शुल्क वसूल करीत असे व न देणाऱ्यांवर दावे लावीत असे. या कज्जांतूनच १८७९ मध्ये सॅन फ्रॅन्सिस्को येथे कंपनीचा कोषाध्यक्ष जोसाया बेकन याला एका दंतवैद्याने गोळी घालून ठार मारले. १८८१ मध्ये एकस्वाची मुदत संपल्यावर व्हल्कनाइट सर्वत्र पसरले.

१९३७ पासून पॉलिमिथिल मेथाक्रिलेट हे ॲक्रिलिक रेझीन वापरात आले व काही वर्षांतच त्याने रबराला बाजूला सारले. त्याला हिरडीसारखा गुलाबी रंग देता येतो. त्याचा एक दोष कवळीच्या बसण्याशी थेट निगडित आहे. द्रवरूप एकवारिक घट्ट होताना त्याचे घनफळ सुमारे २१ टक्क्यांनी घटते. तीन भाग चूर्ण व एक भाग द्रव अशा मिश्रणात ही घट सुमारे ७ टक्क्यांवर येते. उरलेल्या आकुंचनामुळे कवळीची टाळूकडील मागची कड किंचित वर उचलली जाते. ही कड मुद्दाम थोडी अधिक दाबून बसवितात, ती याचसाठी.

परंतु कवळी तयार झाली त्या दिवशी तंतोतंत बसली, एवढ्याने काम संपत नाही. कारण कवळी बदलत नसली, तरी तिच्याखालचा जबडा बदलत राहतो. दाताचे मूळ ज्या हाडात रोवलेले असते ते हाड दातासाठीच टिकून असते. दात गेल्यावर ते शोषले जाऊ लागते. पहिल्या सहा महिन्यांत ते झपाट्याने झिजते, नंतर हळूहळू. मात्र ही झीज आयुष्यभर थांबत नाही. अमेरिकन दंतवैद्य डग्लस ॲटवुड यांनी १९७१ मध्ये या अस्थिशोषणाला एक मोठा मुखरोगच म्हटले. १९७२ मध्ये अँटिये टॅल्ग्रेन यांनी कवळी वापरणाऱ्यांच्या २५ वर्षांच्या निरीक्षणातून असे दाखविले की, खालच्या जबड्याची झीज वरच्यापेक्षा सुमारे चौपट असते. ज्या कवळीला आधी धरून राहायला कमी जागा, तिच्याच खालची जमीन अधिक वेगाने खचते.

सैल कवळीचे परिणाम केवळ गैरसोयीपुरते नसतात. ती हलत राहिल्याने हिरडीवर व्रण पडतात, कडेजवळ मांसल घड्या वाढतात व हाडाची झीजही वाढते. रात्रंदिवस कवळी तोंडात ठेवणाऱ्यांच्या टाळूला कॅन्डिडा या किण्वासारख्या कवकामुळे दाह होतो. चांगल्या कवळीनेही चावण्याचे बल नैसर्गिक दातांच्या सुमारे चौथ्या-पाचव्या हिश्श्याएवढेच मिळते. कवळी सैल झाली की, भाकरी, शेंगदाणे, कच्ची काकडी वा पेरू ताटातून दूर होतात आणि भात-आमटी, खिचडी एवढेच उरते. कवळी डबीत आणि म्हातारे माणूस दूध-भाकरी कुस्करून खात आहे, हे दृश्य महाराष्ट्रात अपरिचित नाही.

यावर योग्य उपाय म्हणजे कवळीच्या आतील पृष्ठाला नवे अस्तर देणे. कवळी हाच साचा समजून तिच्या आत पातळ द्रव्याने हिरडीचा नवा ठसा घेतात व तेवढ्या जाडीचे रेझीन भरतात. दात चांगले असून तळ बिघडला असेल, तर संपूर्ण तळ बदलतात. हिरडी सुजली असल्यास आधी मऊ अस्तर देऊन ती पूर्ववत होऊ देतात. सुजलेल्या हिरडीचा ठसा घेतल्यास नवी कवळीही सूज उतरताच सैल होते. हाड फारच झिजले असल्यास नवी कवळी करणेच श्रेयस्कर. घरी कानस लावणे, कापसाची घडी घालणे किंवा तुटलेला भाग झटपट चिकटणाऱ्या गोंदाने जोडणे हे प्रकार दंतवैद्याचे काम अवघड करून ठेवतात.

कवळी धरून ठेवण्यासाठी वापरण्यात येणाऱ्या चिकट चूर्णांचा इतिहास महाराष्ट्राशी जोडलेला आहे. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात या चूर्णांतील एक प्रमुख घटक कराया गोंद हा होता. तो कांडोळ (स्टर्क्युलिया यूरेन्स) या वृक्षापासून मिळतो. पातळ पापुद्र्यांनी सुटणाऱ्या पांढुरक्या सालीचा हा पानझडी वृक्ष ठाणे जिल्ह्यातील व मुंबईजवळच्या खडकाळ टेकड्यांवर आढळतो. उन्हाळ्यात पाने गळाल्यावर त्याचा पांढरा बुंधा रात्री उठून दिसतो. हा गोंद भारतातून मोठ्या प्रमाणावर निर्यात होई. तो पाण्याने कित्येक पट फुगून लाळेचा थर दाट व चिकट करतो. मात्र त्यातून ॲसिटिक अम्ल सुटते व ते उरलेल्या दातांच्या लुकणाला अपायकारक असते. पुढे गोंदाची जागा सोडियम कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज व तत्सम कृत्रिम बहुवारिकांनी घेतली.

या बदलाचे रसायनशास्त्र कल्याणच्या पलीकडे आंबिवलीकडील वाचकास परके नसावे. आंबिवली स्थानकाजवळ मोहने येथे १९४६ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशनचा कारखाना होता (तो २००९ मध्ये बंद पडला). लाकडाच्या लगद्यावर कॉस्टिक सोड्याची क्रिया करून अल्कली सेल्युलोज बनविणे, ही रेयॉनची पहिली पायरी. त्यावर कार्बन डायसल्फाइडाची क्रिया केली, तर रेयॉनच्या धाग्याचे व्हिस्कोज मिळते; मोनोक्लोरोॲसिटिक अम्लाची केली, तर कवळीच्या चिकट लेपातील सेल्युलोज मिळते. धागा व लेप दोन्ही एकाच पायरीवरून निघून दोन वाटांनी जातात. काही लेपांत जस्ताची संयुगे असत. असे लेप फार वर्षे मोठ्या प्रमाणात वापरणाऱ्यांत तांब्याची कमतरता व चेताविकार आढळल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झाल्यावर जस्तरहित लेप पुढे आले. चिकट लेप हा नीट बसलेल्या कवळीचा मदतनीस आहे. सैल कवळीचे औषध नव्हे. डबीभर लेप लागू लागला की, अस्तराची वेळ होऊन गेली असे समजावे.

मुंबईत दंतवैद्यकाचे शिक्षण १९३३ मध्ये नायर रुग्णालयाच्या दंत महाविद्यालयाने सुरू केले. तोपर्यंत व पुढेही बराच काळ कवळ्या करणारे बहुतेक कारागीर वडिलांकडून किंवा उस्तादाकडून शिकलेले असत. कलकत्ता व मुंबईतील चिनी दंतवैद्य त्यांच्यापैकीच. १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने पदवीधरांना नोंदणीच्या ‘अ’ भागात, तर पाच वर्षे तोच व्यवसाय करीत असलेल्या अशिक्षितांना ‘ब’ भागात स्थान दिले. या कारागिरांना नावे ठेवणे सोपे आहे. परंतु हिरडीवर रंग उमटवून कवळी तासणाऱ्या जपानी मूर्तिकाराचे कसब त्यांच्यापैकी अनेकांच्या हातात होते. उणीव होती ती पुढच्या भेटीची. कवळी विकली म्हणजे व्यवहार पुरा झाला, अशी समजूत त्यांचीही होती व गिऱ्हाइकाचीही, आणि ती पदवीधरांच्या काळातही फारशी गेलेली नाही.

खालच्या कवळीचा प्रश्न स्वीडिश शास्त्रज्ञ पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या संशोधनाने सुटू लागला. १९५२ मध्ये सशाच्या हाडात बसविलेली टिटॅनियमची नळी हाडाशी एकजीव झाल्याचे त्यांना आढळले. १९६५ मध्ये माणसाच्या जबड्यात अशा खुंट्या प्रथम रोवण्यात आल्या. २००२ मध्ये कॅनडातील मॅक्‌गिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी, दंतहीन खालच्या जबड्यासाठी दोन खुंट्यांवर बसणारी कवळी हाच किमान उपचार मानावा, असे मत दिले. खुंट्यांभोवतीचे हाड पुष्कळसे टिकून राहते, हा त्यांचा मोठा फायदा. मात्र खर्च साध्या कवळीच्या कित्येक पट येतो.

केंद्र शासनाच्या २०१७ मधील राष्ट्रीय वयोश्री योजनेत दारिद्र्यरेषेखालील ज्येष्ठांना विनामूल्य द्यावयाच्या साहित्यात काठी, कुबड्या, चाकाची खुर्ची, श्रवणयंत्र व चष्मा यांबरोबर कृत्रिम दंतपंक्तीचाही समावेश करण्यात आला. ही योग्य सुरुवात आहे. मात्र काठी शिबिरात एकदा दिली की, बराच काळ तशीच चालते. कवळी तशी चालत नाही. ती दिल्यावर आठवड्याभरात व्रणांसाठी, नंतर वर्षातून एकदा तपासणीसाठी आणि दोन-तीन वर्षांनी अस्तरासाठी पुन्हा खुर्चीवर बसावे लागते. रात्री ती काढून साध्या पाण्यात ठेवावी. उकळत्या पाण्यात ठेवल्यास ॲक्रिलिक वाकते आणि एकदा वाकलेली कवळी कोणत्याही अस्तराने पूर्ववत होत नाही.