विधवा, विधुर आणि नावामागची अक्षरे

विधवा म्हणजे नवरा वारलेली बाई, विधुर म्हणजे बायको वारलेला पुरुष. 'वि' म्हणजे विना, 'धव' म्हणजे नवरा, अशी फोड आपल्याला शिकवली जाते. भाषाशास्त्रज्ञ उलटे सांगतात : 'विधवा' आधीचा, त्यावरून 'धव' मागाहून काढला. इंग्रजीतला 'विडो' याच मुळाचा. गंमत म्हणजे तिथे पुरुषाचा 'विडोअर' हा बाईच्या शब्दाला शेपूट जोडून झाला आहे. आपला 'विधुर' मूळचा नुसता वंचित, एकाकी अशा अर्थाचा.

शब्द जोडीचे असले तरी वागणूक जोडीची नाही. नवरा गेला की पत्रिकेवरच्या 'सौ.'चे 'श्रीमती' किंवा 'गं. भा.' म्हणजे गंगा भागीरथी होते. बायको गेली तरी 'श्री.' तसेच राहते. आपल्याकडे सरकारी पेन्शनलाही 'विधवा वेतन' म्हणतात. धोंडो केशव कर्वे स्वतः विधुर होते. १८९३ साली त्यांनी गोदूबाईंशी लग्न केले तेव्हा मुरूडकरांनी त्यांना वाळीत टाकले, ते वधू विधवा होती म्हणून.

सीमेपलीकडे शिरोळ तालुक्यात हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र काढणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. नावामागच्या अक्षरांना मात्र ठराव लागत नाही. हळदीकुंकवाच्या निमंत्रणावर नुसते पूर्ण नाव पुरे, असे आम्हाला वाटते. घरची लग्नपत्रिका छापताना 'गं. भा.' घालण्याआधी त्या काकूंना किंवा आजींना एकदा विचारावे. काहींना ते मानाचे वाटते, काहींना अजिबात नाही.