सावकाराच्या वहीपासून सिबिलपर्यंत : कर्ज फेडणाऱ्याची पत शून्य कशी?

ज्या माणसाने आयुष्यभर अंग मोडून कर्ज फेडले, त्याची पत शून्य कशी? जव्हार-मोखाड्याकडे पाहताना हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

शेजारच्या डहाणू-उंबरगाव पट्ट्यात लग्नासाठी पैसे घेणारा वारली जमीनदाराचा 'लग्नगडी' व्हायचा. नवरा-बायको दोघे राबायचे. कर्ज फिटले की नाही हे वही ठरवायची, आणि वही सावकाराची. 1945 च्या उठावात किसान सभा आणि गोदावरी परुळेकर यांच्यासोबत वारल्यांनी ही प्रथा मोडली. बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखालील समितीने मसुदा केलेल्या संविधानातील कलम 23 ने वेठबिगारीवर बंदी आणली. 1976 च्या वेठबिगारी निर्मूलन कायद्याने तर बंधक मजुराचे कर्जच रद्द ठरवले.

जव्हार-मोखाडा मुकणे घराण्याच्या संस्थानात होता; 1948 मध्ये संस्थान विलीन झाले. राज्य बदलले, पावसाळ्यातली भूक तीच राहिली. नागली-वरी संपली की उधारी आलीच. सावकाराला पर्याय म्हणून आदिवासी विकास महामंडळामार्फत खावटी कर्ज आले. तरीही आज कितीतरी कुटुंबे भिवंडी-वसईच्या वीटभट्ट्यांवर जाण्याआधी उचल घेतात आणि हंगामभर राबून फेडतात.

ही परतफेड कुठे नोंदली जाते? कुठेच नाही. 2000 मध्ये सिबिल स्थापन झाली, 2005 मध्ये पतमाहिती कंपन्यांचा कायदा झाला. 300 ते 900 मधला गुणांक बँका, वित्त कंपन्या आणि मायक्रोफायनान्सवाले पाठवतात त्याच नोंदीवर बनतो. भट्टीवाल्याची वही तिथे पोहोचत नाही.

म्हणून काही गैरसमज सोडा. 'कधी कर्ज काढले नाही, म्हणजे माझा सिबिल एक नंबर' हे खोटे. तुमची पाटी फक्त कोरी आहे. पण कोरी पाटी म्हणजे वाईट पतही नव्हे. स्वतःचा अहवाल पाहिल्याने गुण कमी होत नाहीत. तडजोड करून कमी रकमेत मिटवलेले कर्ज पूर्ण फेडलेल्या कर्जासारखे दिसत नाही. आणि जामीनदाराची सही ही नुसती ओळख नसते. कर्ज थकले तर डाग त्यालाही लागतो.

कोणी म्हणेल, हे यंत्र जात विचारत नाही, मग अन्याय कसला? खरे आहे, जात विचारत नाही. ते फक्त बँकेतला भूतकाळ विचारते. पण बँकेचे दार पिढ्यान् पिढ्या कोणासाठी उघडे होते आणि कोणासाठी बंद, हा जातीचाच इतिहास आहे.

2025 मध्ये केंद्र सरकारने संसदेत स्पष्ट केले की पहिल्यांदा कर्ज मागणाऱ्याचा अर्ज केवळ जुना इतिहास नाही म्हणून फेटाळू नये. प्रत्येक पतमाहिती कंपनीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत द्यायचा आहे. चुकीची तक्रार 30 दिवसांत सुटली नाही, तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

कार्यकर्त्यांनो, पाड्यावरच्या पुढच्या बैठकीत मोबाईलवर हे अहवाल काढा आणि मोठ्याने वाचून दाखवा. आपल्या आजोबांना सावकाराची वही वाचता येत नव्हती. ही नवी वही आपण वाचलीच पाहिजे.

जय भीम! जय आदिवासी!