छापखाना, हात आणि हत्यार

मराठी मुद्रणाचा इतिहास सांगताना आपण ग्रंथ मोजतो, ते छापणाऱ्यांचे हात मोजत नाही. माझ्या धंद्यामुळे माझी नजर आधी हाताकडे जाते.

गणपत कृष्णाजींनी मुंबईत स्वतः लाकडी यंत्र बनवले, शाई तयार केली आणि १८३१ साली शिळाछापावर पंचांग काढले. जावजी दादाजी लहानपणी अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टाइप घासत. पुढे १८६४ मध्ये त्यांनी टाइपांचा कारखाना काढला आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना.

टाइप म्हणजे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे मिश्रण. घासताना त्याची धूळ उडते. शिसे शरीरात साठले की पोटात कळा येतात, बद्धकोष्ठ होते, हिरडीवर निळसर रेघ दिसते, मनगट लुळे पडते. आमच्या औषधग्रंथांत 'प्लंबम'खाली हेच चित्र आहे. पण औषधाआधी उपाय साधा आहे : टाइपाच्या खणातली धूळ फुंकून उडवू नये, ओल्या फडक्याने टिपावी आणि जेवणाआधी हात धुवावेत.

दुसरा धोका ट्रेडलचा. एका हाताने कागद लावायचा, दुसऱ्याने काढायचा, आणि मध्ये लोखंडाचा जबडा मिटत असतो. पायाने चालवताना निदान माणसाच्या दमाची मर्यादा असते. मोटर आली आणि तीही गेली. साफसफाईच्या वेळी तर लक्ष डागाकडे असते, यंत्राकडे नसते.

१८८१ चा पहिला कारखाना कायदा शंभर कामगारांच्या कारखान्यांसाठी होता. १९४८ च्या कायद्याने फिरत्या भागांना कुंपण सक्तीचे केले, पण विजेवर चालणाऱ्या जागी तो साधारणपणे दहा कामगारांपासून लागू होत असे. बालाघाटसारख्या गावातला दोन-तीन माणसांचा छापखाना त्याबाहेरच राहिला. तिथे बोटांचे रक्षण मालकाच्या शहाणपणावर आणि गावच्या लोहार-सुतारावर अवलंबून.

अशी हत्यारे महाग नसतात. लांब दांड्याचा ब्रश, लांब चोचीची तेलाची कुपी, अडकलेला कागद ओढायला आकडा, आणि पुसताना चाक फिरू नये म्हणून लाकडी पाचर. या सर्वांमागे एकच तत्त्व आहे : हात आत जाऊ नये, आणि जायचाच असेल तर यंत्र आधी अडवलेले असावे.

आज ऑफसेटचे रूळ पुसतानाही तेच खरे. यंत्र चालू असताना फडका लावू नये. रूळ थोडा फिरवावा, थांबवावा, मग पुसावा. आपल्या घरच्या लग्नपत्रिका ज्या हातांनी छापल्या, त्यांची एवढी काळजी आपणही विचारावी.