सौरयंत्रणेची तार किती जाड हवी?

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘पीएम सूर्यघर’ योजना सुरू केल्यापासून घराच्या गच्चीवर सौर पॅनेल बसविण्याकडे शहरी कुटुंबांचा ओढा वाढला आहे. मात्र खरेदीच्या वेळी चर्चा होते ती पॅनेलचे वॉट आणि बॅटरीची क्षमता यांचीच. तारेची जाडी आणि फ्यूज या बाबी कंत्राटदाराच्या मर्जीवर सोपविल्या जातात. विजेची गळती आणि आगीचा धोका यांचे मूळ पुष्कळदा याच दुर्लक्षात असते.

तार निवडताना दोन कसोट्या लावाव्या लागतात. पहिली, तार अपेक्षित प्रवाहाने तापू नये. दुसरी, तारेतच व्होल्टेज फार खर्ची पडू नये. साधारणपणे ही घट दोन ते तीन टक्क्यांच्या आत ठेवतात. तांब्याच्या तारेसाठी हिशेब सोपा आहे. जाण्या-येण्याची एकूण लांबी मीटरमध्ये घ्यावी, तिला प्रवाहाने व ०.०१७५ ने गुणावे आणि तारेच्या चौरस मिलिमीटरमधील जाडीने भागावे. उत्तर येते ती व्होल्टेजमधील घट.

१८ व्होल्ट व ९ अँपिअर देणारी दोन पॅनेल समांतर जोडली आणि ती कंट्रोलरपासून १० मीटरवर आहेत, असे समजू. प्रवाह १८ अँपिअर, एकूण लांबी २० मीटर. ४ चौरस मिलिमीटरच्या तारेत सुमारे १.६ व्होल्ट, म्हणजे जवळजवळ नऊ टक्के वाया जातात. हीच पॅनेल एकसर जोडल्यास व्होल्टेज ३६ होते, प्रवाह ९ अँपिअरच राहतो आणि त्याच तारेत घट अवघी २.२ टक्के होते. मात्र त्यासाठी एमपीपीटी कंट्रोलर हवा आणि पॅनेलचे कमाल व्होल्टेज त्याच्या मर्यादेत असावे.

फ्यूज उपकरणाच्या रक्षणासाठी असतो, हा समज अपुरा आहे. त्याचे पहिले काम तारेचे रक्षण हे होय. म्हणून फ्यूज नेहमीच्या प्रवाहापेक्षा सुमारे सव्वापट मोठा, परंतु तारेच्या क्षमतेपेक्षा लहान असावा. १२ व्होल्टच्या बॅटरीवर ६०० वॉटचा इन्व्हर्टर चालविल्यास, १५ टक्के गळती धरून, सुमारे ५९ अँपिअर प्रवाह लागतो. त्याच्या सव्वापट म्हणजे ७४. तेव्हा ८० अँपिअरचा फ्यूज आणि तो प्रवाह निर्धोकपणे पेलणारी, साधारण २५ चौरस मिलिमीटरची तार योग्य ठरते. उन्हात तापणाऱ्या गच्चीवर किंवा बंद नळीत तारेची क्षमता घटते, हेही लक्षात घ्यावे.

फ्यूजची जागाही तितकीच महत्त्वाची. शॉर्टसर्किट झाल्यास बॅटरी क्षणात शेकडो अँपिअर प्रवाह सोडते. त्यामुळे फ्यूज बॅटरीच्या धन टोकाला शक्य तितक्या जवळ बसवावा. पॅनेलच्या तीन किंवा अधिक रांगा समांतर असल्यास प्रत्येक रांगेला स्वतंत्र फ्यूज द्यावा. अन्यथा एका सदोष रांगेत उरलेल्या रांगांचा प्रवाह उलटा घुसू शकतो. त्या फ्यूजची कमाल मर्यादा पॅनेलच्या मागील पट्टीवर छापलेली असते.

घरातील नेहमीचा एमसीबी येथे चालत नाही. आपल्या घरातील वीज सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येते, त्यामुळे स्विच उघडताच ठिणगी विझते. सौर पॅनेलच्या एकदिश प्रवाहात हा शून्यक्षण नसतो. ठिणगी तशीच जळत राहून स्विच वितळू शकतो. म्हणून डीसीसाठी बनविलेला व प्रत्यक्ष व्होल्टेजला पुरेसा असलेलाच एमसीबी घ्यावा. विजेच्या ग्रीडला जोडलेल्या गच्चीवरील यंत्रणांत हे व्होल्टेज अनेकदा कित्येक शेकड्यांत असते.

तेव्हा काम सोपविण्यापूर्वी कंत्राटदाराकडून तारेची जाडी, फ्यूजचे मान व त्यांच्या जागा लेखी घ्याव्यात. पॅनेल पंचवीस वर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. तारही तितकीच वर्षे सुरक्षित राहिली पाहिजे.