स्पाइसच्या मॅन्युअलमधली ओळ कशी वाचायची?

मोबाईलवर एनजीस्पाइसचं मॅन्युअल उघडलंत की डोकं गरगरतं. सगळीकडे एक्सएक्सएक्स आणि कोनी कंस! ई अँड टीसीची ज्युनियर मुलं मला याबद्दल सारखं विचारतात. आयआयटी मुंबईच्या फॉसी प्रकल्पाचं ईसिम वापरत असाल, तर त्याच्या आतही एनजीस्पाइसच असतं. म्हणून ही भाषा एकदा समजून घ्याच.

ट्रान्झिस्टरची ओळ घेऊ, थोडी छाटून. (इथे देवनागरीत देतोय, टाइप करताना अर्थातच इंग्रजी अक्षरं.)

क्यूएक्सएक्सएक्स एनसी एनबी एनई <एनएस> एमनेम <एरिया> <ऑफ>

पहिलं अक्षर क्यू म्हणजे ट्रान्झिस्टर. ते बदलायचं नाही, कारण त्यावरूनच सिम्युलेटर पार्ट ओळखतो: आर रेझिस्टर, सी कपॅसिटर, डी डायोड. एक्सएक्सएक्सच्या जागी तुमचं नाव, उदा. क्यू१. कोनी कंसातलं ऐच्छिक असतं. हवं तर लिहा, नाहीतर सोडा. पण कंस स्वतः टाइप करायचे नाहीत! एनएस म्हणजे सबस्ट्रेटचा नोड, दिला नाही तर ग्राउंड धरला जातो. एमनेम मात्र कंसात नाही, म्हणजे मॉडेलचं नाव हवंच, आणि त्या नावाची .मॉडेल ओळ फाइलमध्ये असायला हवी. आपली ओळ अशी होईल:

क्यू१ आउट इन ० बीसी५४७

० म्हणजे ग्राउंड.

आता खरी गोम क्रमात आहे. कलेक्टर, बेस, एमिटर हाच क्रम. तापकीर गल्लीतून आणलेल्या बीसी५४७ची सपाट बाजू समोर धरली, तर पाय डावीकडून याच क्रमाने येतात, पण तो निव्वळ योगायोग. पीएन२२२२ मध्ये ते उलटे, एमिटर आधी. नेटलिस्टला पॅकेजशी काही देणंघेणं नाही. कलेक्टर-एमिटरची अदलाबदल झाली तर एरर येईलच असं नाही. ट्रान्झिस्टर उलट्या मोडमध्ये चालतो, गेन पार पडतो आणि तुम्ही सर्किटला दोष देत बसता.

किमतींचंही तसंच. स्पाइसचा जन्म १९७० च्या दशकात बर्कलीला झाला, पंचकार्डांच्या जमान्यात. लहान-मोठ्या लिपीत ते आजही फरक करत नाही. त्यामुळे १एम म्हणजे १ मिली! १ मेगाओहम हवा असेल तर १मेग लिहायचं, नाहीतर रेझिस्टर ०.००१ ओहमचा होतो, जवळजवळ शॉर्टच. १०यूएफ चालतं, कारण यू म्हणजे मायक्रो आणि पुढचं एफ दुर्लक्षित होतं. पण नुसतं १एफ लिहिलंत तर एफचा अर्थ फेम्टो. १ फॅरडचा सुपरकपॅसिटर हवा असेल तर फक्त १ लिहा.