बार्शी लाईट आणि आई

आपल्या मेढ्याला रेल्वे नाही. म्हणून सोसायटीतली मुले विचारतात, "आजोबा, तुम्हाला इंजिनाचे वेड लागले कुठे?" मिरजेला! साठच्या दशकात आईबरोबर आषाढीला निघालो होतो. मेढ्याहून एस.टी., मग मिरजेला बार्शी लाईट. रूळ जेमतेम अडीच फूट रुंदीचे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरची ही लाईन १८९७ साली बार्शीला, १९०६ला पंढरपूरला आणि १९२७ला मिरजेला पोचली. एका आसावर पाच टनांहून जास्त भार नको, हा त्याचा हिशेब. म्हणून रूळ हलके, खर्च कमी. वारकरी मात्र टपापर्यंत! कोळशाची कणी माझ्या डोळ्यात गेली, तर आईने पदराचा बोळा करून, फुंकर घालून डोळा शेकला. चढावर इंजिन धापा टाकी, तशी ती "विठ्ठल विठ्ठल" म्हणे.

पुढे बँकेत लागलो. "एकदा परत त्याच गाडीने ने रे," आई म्हणायची. मार्च एण्डिंग, ऑडिट, बदल्या... राहूनच गेले. १९८९ साली आई गेली. नंतर लाईनही रुंद झाली. २०१६च्या दुष्काळात याच मार्गाने मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली. टीव्हीवर ती बातमी लागली, तेव्हा मी पंढरपूर स्टेशन दिसते का ते बघत बसलो होतो.